तळघरातल्या लाल बाटल्या

तो गेम आमच्या घरात आणला उधळीनं. उधळी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. हे नाव तिच्या वडिलांनी ठेवलेलं. ती लहान असताना तिनं रंगखडूंची नवीकोरी पेटी एका दुपारी चित्रं काढून संपवली होती. ह्यांचा शिरस्ता असा, की जुना खडू नखाएवढा झाल्याशिवाय नवी पेटी कपाटाबाहेर यायची नाही. पोरीनं खुर्चीवर चढून पेटी काढली आणि जन्माचं नाव कमावलं.

ह्यांनाही एक नाव होतं, पण ते तोंडावर घ्यायची कुणाची छाती नव्हती. बसडेपोच्या स्टोअरमध्ये ह्यांची सगळी नोकरी झाली. बल्ब, फिल्टर, फॅनबेल्ट, सगळं ह्यांच्या ताब्यात. मेकॅनिक मागं ह्यांना शिल्लकशेठ म्हणत. खुंटीवर शेवटचा बेल्ट लटकतोय आणि बाहेर गाडी बेल्टावाचून खोळंबली आहे, असं कितीदा तरी झालं असेल. ते बिचारे गयावया करायचे आणि हे म्हणायचे, "शेवटचा नग काढायचा नसतो. उद्या याहून मोठी अडचण आली तर?" नवा माल येतोय असं वरून कुणी कळवलं की ह्यांना हसू यायचं. येतोय येतोय म्हणणारा माल त्यांनी भरपूर पाहिला होता. निवृत्त झाले तेव्हा मागच्या फळीवर असे बेल्ट सापडले, ज्यांच्या गाड्या कधीच भंगारात गेल्या होत्या. रबराला तडे गेलेले. निरोपाच्या भाषणात साहेबांनी ती गंमत सांगितली, सगळे पोट धरून हसले, हेही हसले. मला काही हसू आलं नाही. त्या फळ्या मी घरातही बघत आले होते.

मग आजार आला. पाठ दुखते म्हणून सुरू झालं ते हाडाहाडांत पसरलेलं निघालं. डॉक्टरांनी हात टेकले आणि घरी न्या म्हणाले. पुढच्या खोलीत माझ्या शिलाई मशीनशेजारी ह्यांची खाट लागली. मी लोकांच्या पॅन्टी आखूड करते, चेन बदलून देते, उसवलेलं शिवते. एका बाजूला माझी मशीन, दुसऱ्या बाजूला ह्यांचं कण्हणं. ते कण्हणंसुद्धा हात राखूनच.

उधळी दुसऱ्या शहरात नोकरीला. तिनं आपला जुना लॅपटॉप पाठवला आणि त्यात हा गेम. सेलमध्ये बिस्किटाच्या पुड्याच्या भावात मिळाला म्हणे. दिसायलाही तेवढाच होता. एक अंधारं तळघर, हिरवट मशाली, आणि लोखंडी टोप घातलेला एक शिपाईगडी. तो चालला की टाक् टाक् वाजायचं. कोपऱ्याकोपऱ्यातून हाडांचे सापळे यायचे, कपड्यांच्या हँगरला हातपाय फुटल्यासारखे. एक मजला संपला की जिना, जिन्याखाली आणखी अंधारा मजला. वर एक लाल पट्टी, ती शिपायाच्या जिवाची. घाव बसला की पट्टी घटायची. वाटेत लाल बाटल्या सापडायच्या. एक प्यायली की पट्टी पुन्हा भरायची.

बापलेकीचं आधी फोनवर "जेवलात का" आणि "जेवलो" यापलीकडे जात नव्हतं. गेम आल्यापासून मात्र स्पीकर लावून तासतासभर चालायचं. ती तिकडं तोच गेम खेळायची. "बाबा, कितव्या मजल्यावर?" "अगं, त्या आठ पायांच्या कोळ्यानं वात आणलाय." मी दोरा ओवता ओवता ऐकायची. एवढ्यासाठी त्या गेमचे शंभर गुन्हे माफ होते.

पण खेळायची पद्धत बघून माझं डोकं फिरायचं. शिपाई मरणपंथाला लागलेला, पट्टी केसाएवढी उरलेली, आणि पिशवीत बाटल्यांची ही रास! हे एकही पिऊ द्यायचे नाहीत. मग व्हायचं तेच व्हायचं. शिपाई आडवा, आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून.

"अहो, पिशवी भरलेली आणि माणूस मेला! कशाला जमवता मग?"

"पुढच्या मजल्यावर मोठा राक्षस असेल. तेव्हा लागतील."

"पुढचा मजला बघितलाय का कधी?"

त्यांनी कळ दाबली. पुन्हा टाक् टाक् सुरू.

आता खऱ्या बाटलीचं सांगते. नर्सबाई घरी येऊन बघून जायच्या. त्यांनी दुखण्यावरचं कडक औषध आणलं होतं. तपकिरी बाटली आणि सुई नसलेली सिरिंज, तोंडात सोडायला. "दुखणं चढायची वाट बघू नका," त्यांनी बजावलं होतं. "चढलं की मग औषधाला मागून धावावं लागतं. आणि काटकसर नको. संपली की मी दुसरी आणते."

दुसरी आणते म्हटल्यावर हे हसले, स्टोअरमध्ये हसायचे तसेच. तेव्हाच मी ओळखलं. बाटली उशाशी आली आणि तिथंच बसली. ह्यांच्या कपाळावर घाम, दात आवळलेले, उशीची खोळ मुठीत. मी सिरिंज भरून पुढं केली की मान फिरवायचे.

"अजून खरं दुखायचंय. तेव्हा काय घेऊ?"

सगळं आयुष्य ह्या माणसापुढं मी नमतं घेतलं, पण त्या दिवसांत मला त्यांचा राग यायचा. आजाऱ्यावर रागावू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी माझ्या खोलीत येऊन बसावं.

उधळी सुट्टी काढून आली. ह्यांना ती येण्याचा इतका आनंद, की सकाळपासून दाराकडं डोळे. पण संध्याकाळपर्यंत दुखण्यानं अंगाचा ताबा घेतला. ती खाटेच्या कडेला बसली, गादी हलली, तेवढ्यानंही त्यांचा चेहरा पिळवटला. लॅपटॉप दोघांच्या मध्ये. शिपायाला सापळ्यांनी घेरलं होतं, पट्टी संपत आलेली. पोरीनं सहज एक कळ दाबली आणि शिपाई एक बाटली गटागटा प्यायला.

"हात लावू नकोस!" हे ओरडले. असे ओरडले की माझी सुई थांबली. "दुसऱ्यानं साठवायचं आणि तू उधळायचं. जन्मभर हेच केलंस!"

ते दुखणं बोलत होतं. मला कळत होतं, पण तिला कसं कळावं? ती उठली. "तुमचं साठवलेलं तुम्हालाच लखलाभ, बाबा," म्हणाली आणि सुट्टी शिल्लक असताना सकाळी निघून गेली. जाताना तिनं दार आपटलंसुद्धा नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर फोन बंद. हे लॅपटॉप पोटावर ठेवून नुसते पडून राहायचे. मग एकदा भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "पुढच्या वेळी ती आली ना, की आधी औषध घेऊन बसेन. सगळी बाटली तिच्यासाठी ठेवतो."

"अहो, आज घ्या आणि आज तिला फोन करा."

"आज घेतलं आणि ती आली तेव्हा संपलेलं असलं तर?"

काय डोकं आपटायचं ते आपटा. ज्या पोरीला कडक दुखण्यापायी दुखावलं, तिच्याच नावानं दुखणं सोसत बसले होते. मला एकच हवं होतं. हा माणूस जाण्याआधी पोरीशी एकदा नीट बोलावा.

एका बुधवारी दुपारी त्यांचा डोळा लागला. लॅपटॉप उघडाच होता. माझ्या काय मनात आलं कोण जाणे, मी शिलाई बाजूला सारली आणि तो मांडीवर घेतला. कळा बघून बघून पाठ झाल्या होत्या. शिपाई निघाला. सापळ्यानं ओरखडा काढला की मी बाटली पाजायची. पुन्हा ओरखडा, पुन्हा बाटली. घे बाबा, पी, तुझ्यासाठीच आहे. पिशवी रिकामी होत चालली तशी मी उरलेल्या मोजू लागले. शिपाई मेला असता तर ह्यांनी मला उभी चिरली असती. पण तो कोळी मेला, त्याच्यामागचा राक्षसही मेला, आणि एक जिना दिसला जो ह्या घरात कुणी पाहिला नव्हता. शेवटची बाटली मी जिन्यावर पाजली आणि खाली उतरले.

खाली एक लांबच लांब खोली होती. दोन्ही भिंतींना फळ्या, आणि फळ्यांवर लाल बाटल्याच बाटल्या.

"हे कुठलं?"

हे जागे होते. केव्हापासून ते माहीत नाही.

"खालचा मजला," मी म्हटलं.

ते बघत राहिले. शेल्फ दिसलं की नग मोजायला लागणारा माणूस, पण त्यांनी मोजलं नाही. शिपायाला मी फळ्यांसमोरून चालवत नेलं, टाक् टाक्, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"म्हणजे माल होता," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक. "म्हणजे मी उगाच..." मग उशाकडं हात करून म्हणाले, "आण ती बाटली."

मी सिरिंज भरली. घाईत दोन थेंब चादरीवर सांडले, आणि ह्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. हळूहळू कपाळावरच्या आठ्या इस्त्री फिरवल्यासारख्या गेल्या. मूठ उघडली. कित्येक दिवसांनी मला माझ्या नवऱ्याचा चेहरा दिसला, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

बाहेर आले तर हे फोनवर होते. "अगं उधळे, खाली ढीग आहे, ढीग!"

"मला माहीत होतं, बाबा. तेच सांगायला बसले होते तुमच्याजवळ."

ह्यांनी फोन तोंडाजवळ धरला. मग म्हणाले, "चुकलो मी. ये. शनिवारी ये. तू येशील तेव्हा मी औषध घेऊन तयार असतो. तूच खेळ, मी बघेन." आणि दोघं हसले. आमच्या घरात ते शेवटचं हसणं.

मी लगेच नर्सबाईंना सांगून दुसरी बाटली मागवली. त्या दुसऱ्याच दिवशी घेऊन आल्या. हे तिच्याकडं बघतच राहिले. "आली की," म्हणाले.

शुक्रवारी ते झोपले ते उठेनात. नर्सबाईंनी पाय चाचपले, श्वास ऐकला. "औषधामुळं नाही हो," माझ्या मनातलं ओळखून त्या म्हणाल्या. "आता त्यांना दुखतही नाहीये. दुखायची वेळ निघून गेली."

शनिवारी उधळी आली. बॅग खांद्यावरच ठेवून खाटेशी उभी राहिली आणि तिनं दोनदा हाक मारली. मग लॅपटॉप घेतला, आवाज मोठा केला आणि त्यांच्या कानाशी बसून खेळत राहिली. खोलीभर टाक् टाक्. शिपाई लाल बाटल्यांच्या फळ्यांपुढून फिरत होता. त्याला काहीच लागलेलं नव्हतं, त्यामुळं त्याला काहीच पाजता येत नव्हतं. रविवारी दुपारी ह्यांचा श्वास थांबला. शिपाई तसाच उभा राहिला.

नर्सबाई सगळं आवरायला आल्या. "हे औषध घरात ठेवता येत नाही. ओतून टाकावं लागतं, आणि तुमच्यासमोरच," म्हणाल्या. मोरीशी आम्ही तिघी. पहिली बाटली जवळजवळ भरलेलीच होती. ती संपल्यावर त्यांनी दुसरी हातात घेतली आणि थबकल्या. तिचं सील तसंच होतं.

"द्या," उधळी म्हणाली. तिनं झाकण पिरगाळलं, सील कट्कन तुटलं. ती बाटली तिनं हळूहळू ओतली, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत, आणि मी नळ सोडला.