तळ्यात पडलेला हेडलॅम्प आणि मी

मी एक जुनी, तीन सेलची बॅटरी आहे. मित्रांनो, माझ्या स्वभावातला दोष आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला धक्का बसायला नको. मला दुसऱ्याचा उजेड सहन होत नाही.

कारखान्यात माझं ॲल्युमिनियमचं नळकांडं घडलं, पुढे काच बसली, मागे टांगायला कडी लागली. दुकानात शेजारी चार सेलवाली होती. ती माझ्याआधी खपली, तेव्हापासून माझा जळफळाट सुरू आहे. मग मी या घरात आले. वीज गेली की सगळे चाचपडत मलाच शोधत. मीटरच्या पेटीत, माळ्यावर, पलंगाखाली गेलेल्या चपलेमागे, सगळीकडे मीच पुढे. पण वीज आली रे आली, की तीच माणसं ट्यूबलाइटकडे बघून "हुश्श" करायची! माझ्या पोटात किती दुखायचं, ते माझं मलाच ठाऊक. पुढे वीज जाणं कमी झालं आणि मी पक्कड-पान्यांच्या खणात जाऊन पडले.

यंदा घरच्यांनी चुनखडीची गुहा बघायला एका दिवसाची सहल ठरवली. त्यासाठी चिंगीला, म्हणजे घरातल्या नऊ वर्षांच्या मुलीला, कपाळावर बांधायचा नवा हेडलॅम्प आणला. जीव लिंबाएवढा, पण त्याच्या कौतुकाला नुसता ऊत आला. चिंगी तो बांधूनच जेवायला बसली. मला आजवर कोणी कपाळाला लावलं नव्हतं.

निघताना बाबांनी मलाही उचललं. "नव्या वस्तूचा काय भरवसा? असू दे बरोबर."

"या वेळी घ्या," आई म्हणाली, "पण परत आल्यावर हे धूड भंगारात जाणार, सांगून ठेवते."

बाबांनी मान डोलावली. डोलावली हो, मित्रांनो! वाटेत बटण दाबलं जाऊन सेल उतरू नयेत, म्हणून नेहमीच्या सवयीनं त्यांनी माझ्यातला एक सेल उलटा घातला आणि मला पिशवीत कोंबलं. चेन बिघडलेली होती, म्हणून माझं डोकं तेवढं बाहेर राहिलं.

गुहेत गारवा होता. छतातून पांढरे सुळके लोंबत होते. गुहा दाखवणाऱ्या बाई म्हणाल्या, "हात लावायचा नाही हं कोणी. बोटाचं तेल लागलं की यांची वाढ खुंटते. बोटभर वाढायला शेकडो वर्षं लागतात यांना." शेकडो वर्षं नुसतं लटकायचं आणि तरी बघायला रांगा! मी त्या सुळक्यांवरही जळले.

चिंगी मान वळवेल तिथे हेडलॅम्प झगमगत होता आणि आई "अगंबाई, काय सुंदर!" म्हणत होती. तो विझावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते. एका तळ्याशी चिंगी कठड्यावरून वाकली, सैल पट्टा सरकला आणि हेडलॅम्प डुबुक्कन पाण्यात पडला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

पण तो मेला विझलाच नाही. तळाशी जाऊन तसाच जळत राहिला. सगळं तळं आतून उजळलं, वरचे सुळके सोनेरी झाले आणि सगळ्यांनी एका सुरात "अहाहा!" केलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

चिंगी मात्र रडायला लागली. बाई म्हणाल्या, "पाण्यात उतरता येणार नाही. खालचा थर नाजूक आहे, पाय पडला की मोडेल." बाबा कठड्यातून आडवे झाले, पण हात पुरेना. पट्टा कुठे अडकलाय ते बघायला त्यांनी मला काढलं. माझा क्षण आला! त्यांनी बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. सेल उलटा घातलाय, हे ते साफ विसरले होते.

"तुमच्यासारखीच आहे," आई म्हणाली, "ऐन वेळी गप्प. निदान काठीसारखी तरी वापरा."

बाबांनी मला डोक्याकडून धरलं आणि शेपूट पाण्यात घातलं. थंडगार पाणी आत शिरलं. माझ्या कडीत पट्टा अडकला. कडी थोडी कलली असती, तर तो सुटून खोल गेला असता, आणि मनात तेच होतं, खोटं कशाला सांगू? पण वर चिंगी हुंदके देत होती. मी पट्टा सोडला नाही.

तो वर आला, माझ्याच शेपटाला लोंबकळत, आणि त्याचा सगळा उजेड माझ्यावर पडला. मित्रांनो, मी जन्मभर दुसऱ्यांवर उजेड टाकला. माझ्यावर तो पहिल्यांदाच पडत होता.

चिंगीनं डोळे पुसले आणि वाकून बघितलं. "बाबा, हिच्यावर हे वण कसले?"

बाबांनी पट्टा सोडवून मला तिच्या हातात दिलं. मग म्हणाले, "दातांचे आहेत. तुझ्या आजीचे. ती पंप दुरुस्त करायची ना. दोन्ही हात कामात, म्हणून बॅटरी दातांत धरायची."

चिंगीनं आजीला कधी पाहिलं नव्हतं. ती त्या वणांवरून बोट फिरवत राहिली. आईनं मला तिच्या हातातून घेतलं. आता भंगार, असं मला वाटलं. तिनं मला पदराला पुसलं, सेल काढून पाणी झटकलं आणि पिशवीत न ठेवता हातातच धरलं.

माझा मत्सर गेला, असं म्हणणार नाही. मी अजून पेटत नाही आणि तो पेटतो. पण मित्रांनो, एखादी जुनी वस्तू टाकायला काढाल, तेव्हा आधी तिच्यावर उजेड पाडून बघा. तुमच्या घरातल्या कुणाचे तरी दात तिच्यावर उमटलेले असतील.