सरांना शंका आहे

सुट्टीच्या चौथ्या दिवशी सर फोनकडे असे बघत होते, जसं मांजर झाकलेल्या दुधाकडे बघतं. फोन निपचित पडला होता. त्यांनी रेंज पाहिली. होती. आवाज पाहिला. होता. शेवटी बायकोच्या फोनवरून स्वतःलाच फोन लावला. वाजला. पडद्यावर बायकोचं नाव झळकलं तरी क्षणभर जिवाला गार वाटलं, यावरून दुखणं किती खोल गेलं होतं ते कळावं.

सर म्हणजे एका मोठ्या ऑफिसातले मुख्य आर्किटेक्ट. बायको दातांची डॉक्टर. झोपेत दात खाऊन खाऊन त्यांच्या दाढा सपाट झाल्याचं तिनेच हेरलं होतं.

"इतकी वर्षं मला वाटायचं, तू माझ्यावर दात खातोस," ती म्हणाली, "पण हे बाहेरचं प्रकरण दिसतंय. आठ दिवस गपगुमान घरी बस."

बसणं सोपं नव्हतं. एका नव्या हॉस्पिटलचे नकाशे त्याच संध्याकाळी मंजुरीला जायचे होते. काम ऑफिसातल्या धाकटीकडे दिलेलं. वयाने सगळ्यांत लहान म्हणून धाकटी. बाकी डोकं थोरलं. दुपारी तिच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. "तू खुशाल जा, सगळं तयार आहे," असं सरांनीच मोठ्या मनाने सांगून ठेवलेलं.

आणि सगळं खरंच तयार होतं. दुखणं तिथेच होतं. आपल्यावाचून कुणाचं अडलेलं नाही, हा विचार सरांना सहन होईना. त्यांनी डबे उंचीप्रमाणे लावले, मग रुंदीप्रमाणे लावले.

"माझ्या स्वयंपाकघरात साइट व्हिजिट नकोय," बायको पर्स उचलत म्हणाली. "आणि फोन मी नेत नाहीये. तुझी तूच राखण कर."

ती दवाखान्यात गेली. फ्रिज घुरघुरत होता. सरांना वाटलं, तोदेखील काहीतरी कामात आहे.

मग त्यांनी धाकटीला एक ओळ पाठवली : 'जिन्यांच्या रुंदीबद्दल शंका आहे.'

त्या ऑफिसात एक रीत होती. इतरांना शंका आली तर ते जाऊन मोजून बघत. सरांना शंका आली, की चूक झालीच आहे असं धरून सगळे हातातलं टाकून शोधायला लागत. सापडली नाही, तर नीट शोधली नाही असं समजून पुन्हा शोधत. सरांना हे ठाऊक होतं. जिने आपण स्वतः तीनदा तपासलेत, हेही ठाऊक होतं.

फोन वाजला.

"सर, कुठला जिना?"

"सगळेच बघा!" सर ताडकन उठले. अंगात रक्त पळायला लागलं. तीन दिवसांचं सुतक फिटलं. "स्ट्रेचर वळायला हवं, आलं का लक्षात? तळमजल्यापासून वर चढा!"

पलीकडे खुर्च्या सरकल्या, कुणीतरी कुणावर तरी खेकसलं. सरांच्या कानांना ते गाण्यासारखं गोड लागलं.

"चढतोय सर. मी दादाला कळवलंय, बाबांना तूच घेऊन जा म्हणून. बाबा जरा अडून बसलेत, 'ती आल्याशिवाय आत जाणार नाही' म्हणतात. घाबरलेत. समजावेल दादा." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "खरं सांगू सर? सकाळपासून हात नुसते शिवशिवत होते. काही पेटलेलंच नाही, करायचं काय! आता कसं बरं वाटतंय."

सर मटकन खाली बसले. हा आवाज ओळखीचा होता. पोरीला आपण नकाशे शिकवले, की हे?

जिभेवर एक वाक्य अगदी तयार होतं : 'असू दे, माझ्या लक्षात आलं, जिने बरोबर आहेत.' अब्रू राहिली असती, वर हुशारीही दिसली असती. पण मग धाकटी 'तरी एकदा बघतेच' म्हणाली असती. ती तसंच म्हणणार, हे सरांना पक्कं माहीत होतं, कारण तेही तसंच म्हणाले असते.

"अगं, ऐक. शंका नाहीये."

"म्हणजे सापडलं?"

"सापडायला काही नव्हतंच. मी... घरात बसवेना म्हणून पाठवलं ते."

"सर," धाकटी सावकाश म्हणाली, "तुम्ही स्पीकरवर आहात."

सरांच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. "बरंच झालं," ते कसंबसं म्हणाले. "सगळ्यांनी ऐका. जिने बंद करा. नकाशे आहेत तसे जाऊ देत. आणि तू नीघ. अजून पोचशील."

"मी इथे थांबले तरी—"

"तुझे हात शिवशिवतायत ना? ते बाबांच्या हातात दे. नीघ म्हणतो ना!"

फोन ठेवताना ती काय पुटपुटली ते कळलं नाही. आशीर्वाद नसावा.

नंतर दुपार जी लांबली, ती लांबतच गेली. काळीज धडधडत होतं, कारण मात्र एकही नव्हतं. ते शोधायला हात फोनकडे सरकायचा, सर तो मांडीखाली घ्यायचे. ऑफिसात आता आपल्यावर हसत असतील. की हसतही नसतील? दुसऱ्या विचाराने जास्त घाम फुटला. सर तसेच बसून राहिले, दोन्ही हातांवर, शिक्षा झालेल्या पोरासारखे.