डावा मागचा

छल्ला. काळा, रबरी, अंगठीपेक्षा जरा मोठा. सायकलच्या पुढच्या शॉकरच्या चकचकीत नळीवर पार वरच्या टोकाला जाऊन थांबलेला.

वांगणीच्या हातपंपाला अकरा वेळा दांडा मारावा लागतो. पाणी बाराव्याला येतं.

फळ्यावर डाव्या हाताने काढलेला 'ज्ञ'. शेपूट भलतीकडे गेलेलं.

लुनाच्या ब्रेकचा जुना खटका, कानशीने घासलेला, त्याला आता दोन भोकं.

'उजवा पुढचा, डावा मागचा... उजवा एकटा कधी दाबायचा नाही रे!' — मागून सीट धरून पळणारे वडील, त्यांचा धापा टाकणारा आवाज.

मागलं चाक वर झालं, सायेब.

रविवारचा चहा होईपर्यंत सुदर्शनला या गोष्टी सुट्या ठेवता आल्या. कपबशी पडवीच्या कठड्यावर ठेवून तो सायकलपुढे उकिडवा बसला, हात छल्ल्याकडे गेला, आणि बोटभर अंतरावर थांबला. पाच महिने सायकल गोणपाटाखाली होती. पाच महिन्यांत त्या छल्ल्याला त्याने हात लावला नव्हता.

"हेमंत दोनच्या जीपने येतोय," पुष्पलता आतून म्हणाली. "होईल ना तोवर?"

"होईल."

"नाही म्हटलं असतं ना तुम्ही, तरी चाललं असतं. एवढं होऊनसुद्धा त्याला सायकलच पाहिजे. खुळा तो खुळाच." आणि मग थोड्या वेळाने, भांडं घासता घासता, वेगळ्याच आवाजात — "तुम्ही त्याच्यासाठी किती करता."

त्याने कपातला थंड चहा पिऊन टाकला.

पंचायत समितीत हातपंप दुरुस्तीचं काम करायला लागून सतरा वर्षं झाली होती. जव्हारपासून मोखाड्याच्या हद्दीपर्यंत कुठला पंप कुठल्या आवाजात कुरकुरतो हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. तरी ही सायकल पहिल्यांदा पडवीत आली तेव्हा तो लहान मुलासारखा तिच्याभोवती फिरला होता. दाभोशाच्या धबधब्यावर दोर लावून उतरायला मुंबईची मंडळी आली होती, त्यांच्यात एक परदेशी माणूस, सायकल घेऊन आलेला. ती त्याने कातळावर आपटली, मागच्या चाकाला धरणारा सांधा मोडला, आणि परत नेण्यापेक्षा वाट दाखवणाऱ्या मास्तरालाच देऊन टाकली. मास्तर म्हणजे हेमंत, पुष्पलताचा धाकटा भाऊ, साखरशेतच्या शाळेवर. जीपच्या टपावर गोणीत बांधून त्याने ती आणली होती, आणि म्हणाला होता, "दाजी, नुसती चालती नको. खेळती पाहिजे."

खेळती. हा शब्द सुदर्शनला दोन महिने पुरला. मोडलेल्या सांध्यासाठी त्याने पितळेची बुशं घासली, आऱ्या एकेक करून ताणल्या, मागच्या शॉकरचं सील मुंबईहून मागवलं. पुढच्या नळीत आणि मागच्या डब्यात स्प्रिंग नव्हती, नुसती कोंडलेली हवा होती, आणि ती किती कोंडायची यावर सगळा खेळ. जास्त भरली तर सायकल दगडासारखी, कमी भरली तर म्हशीसारखी बसायची. सोबतच्या कागदावर चित्र होतं : माणूस नुसता बसला की शॉकर चार आणे, म्हणजे पाव हिस्सा, दबला पाहिजे. त्याला कागदात काहीतरी इंग्रजी शब्द होता. सुदर्शनने त्याला बैठक म्हटलं. चार आणे बैठक. खेळती पाहिजे असेल तर चार आण्यांना जरा कमी, आणि शॉकरवरचं लाल बटण दोन घरं मागे, म्हणजे दबलेली सायकल चटकन वर येते, खड्ड्यावरून नुसतं अंग उचललं की दोन्ही चाकं उचलते. बैठक मोजायची म्हणून हातपंपाच्या सामानातला एक छल्ला त्याने नळीवर चढवला होता. छल्ला खाली सारायचा, माणसाने बसायचं, हळूच उतरायचं. नळी वर येते, छल्ला मात्र जिथपर्यंत ढकलला गेला तिथेच राहतो. मग पट्टी लावून बघायचं.

म्हणजे छल्ला जिथे आहे, तिथपर्यंत ती नळी बुडाली होती. पार टोकापर्यंत. हेमंतच्या वजनाने नुसतं बसून ती एवढी बुडत नाही, खड्ड्यातही नाही, सुदर्शनने स्वतः हवा भरली होती. पुढचं चाक जागच्या जागी गच्च थांबलं आणि माणसाचं, सायकलचं, उताराचं सगळं वजन एकदम त्या नळीवर आलं, तरच...

"मी खळ्यावर व्हतो," पुंजाने दवाखान्याच्या पायरीवर सांगितलं होतं. हेमंत पडला त्या साखरशेतच्या उतारालगत पुंजाची नाचणी होती. हेमंतला पाठीवर घालून रस्त्यापर्यंत त्यानेच आणलं. "मास्तर आला तो भन्नाट. मला हाक दिली, पुंज्या बघ, अशी. मंग मागलं चाक वर झालं, सायेब. पुढलं जागेवर, जशी खुटी मारली. न् मास्तर पाखरागत..." त्याने हात हवेत फेकून दाखवला. आजूबाजूचे हळहळले. मागलं चाक वर होतं म्हणजे काय, हे त्या पायरीवर एकट्या सुदर्शनला कळलं होतं, आणि त्याने विचारलं होतं, "पाणी प्यायलास का पुंजा?"

त्या परदेशी माणसाच्या देशात ब्रेक उलटे असतात. डावा पुढचा, उजवा मागचा. इथे भाड्याच्या सायकलवर शिकलेल्या कुणाच्याही हातात, डोक्यात नव्हे, हातातच, डावा म्हणजे मागचा. उतारावर जरा भीती वाटली की डाव्या हाताची बोटं आपोआप मिटतात. सुदर्शनला हे दुसऱ्याच आठवड्यात दिसलं होतं. तारा बदलायला अर्धा तास लागला असता. पुढच्यासाठी थोडं लांब आवरण हवं होतं, तेही त्याच्या पिशवीत होतं. सगळ्यात शेवटी करू म्हणून ठेवलं आणि मग विसरलो.

मग विसरलो. पाच महिने हे वाक्य तो असंच म्हणत आला होता, मनात, पंप उघडताना, जेवताना, पुष्पलता भावाला भरवत असताना — दोन शब्द, सरळ, कुठे न अडकणारे. माणूस विसरतो. सतरा वर्षांत तो दोनदा पंपाचा बोल्ट आवळायला विसरला होता, आणि दोन्ही वेळा साहेबांपुढे स्वतःहून सांगितलं होतं.

त्याने पान्याने डावी तार सैल केली.

आता सांगायचं असेल तर आत्ताच. कारण हेमंतला दोन्ही ब्रेक एकाच हाताला हवे होते, डाव्या. उजवा हात खांद्यापासून होता, शर्टाच्या बाहीत होता, पण खांद्यातल्या शिरा तुटल्या होत्या आणि तो हात आता नुसता सोबत यायचा. म्हणून लुनाचा खटका, दोन भोकांचा, दोन तारा एकत्र ओढणारा. तो खटका बसला की आधी कुठली तार कुठे होती हे जगात कुणालाच शोधून काढता येणार नव्हतं. ज्याचा हात गेला त्यानेच सांगून पुरावा पुसून घ्यावा... आणि मी पुसतोय, पाना घेऊन, व्यवस्थित, तारेच्या टोकाला शिसं लावून, कारण काम वाईट केलेलं मला आवडत नाही. हेमंत, ऐक, तुला सांगायचं राहिलं. नाही. हेमंत, तुझी चूक नव्हती. हे बरं. पण तो लगेच विचारणार, मग कुणाची? — आणि पुष्पलता दारात उभी असणार.

तिला काय सांगायचं? की पाच महिन्यांपूर्वीच्या त्या शनिवारी संध्याकाळी सायकल पोचवायला तो साखरशेतला गेला तेव्हा शाळेच्या ओट्यावर सातआठ जण बसले होते, आणि हेमंत उठून, हात पसरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता, "या या! आमचे दाजी बरं का, पंपवाले! जमिनीतलं पाणी निघेना, म्हणून सायकलीत हवा भरतात!" लोक हसले. चांगल्या मनाने हसले. सुदर्शनही हसला. पण त्याचं तोंड त्याआधी उघडलेलं होतं, 'ब्रेकचं जरा', एवढं ओठांवर आलेलं होतं, आणि ते हसण्यात बंद झालं. मग चहा आला. मग हेमंत सायकलवर बसून ओट्यासमोरच्या सपाटीवर गोल गोल फिरला, पायानेच थांबला, ब्रेक लावलाच नाही, आणि सुदर्शनच्या मनात आलं, अगदी शब्दांत आलं — लागेल उद्या मास्तरला ठेच, जरा दचकू दे.

दचकू दे. एवढंच. एक हात कुणी मागितला होता?

त्याने नवा खटका दांडीवर चढवला, दोन्ही तारा ओवल्या, आधी मागचा ब्रेक लागेल आणि मग केसभर उशिरा पुढचा, असं ताणून घेतलं. दहादा दाबून पाहिलं. वीसदा. गिअरचं बटणही डावीकडे आणलं. उजवीकडच्या मुठीजवळ काहीच उरलं नाही. मोकळी दांडी. ती बघवेना म्हणून त्याने चाकं पुसायला घेतली.

दोनच्या जीपने हेमंत आला. दाढी वाढलेली, उजवा हात खिशात घातलेला. खिशात तो आपण होऊन गेला नव्हता, डाव्याने उचलून घातला होता. लोकांसमोर तसा बरा दिसतो, असं तो म्हणायचा.

"ताई, पाणी दे. दाजी, तुमची म्हातारी तयार?"

"तयार. पण ऐक, हवा जास्त भरू का? थोडी घट्ट. एका हाताने तुला—"

"नको. खेळतीच ठेवा."

"अरे पण—"

"दाजी, आता बाकी सगळंच घट्ट झालंय माझं. खांदा घट्ट, मान घट्ट, इथे होतो तोवर ताईने रोज दूध पाजून पोट घट्ट. हिला तरी खेळू द्या."

"पोट कुठे घट्ट? हाडं मोजता येतात," पुष्पलता तांब्या पुढे करून, वाकून त्याची सुटलेली लेस बांधत म्हणाली. "आणि उतारावर जायचं नाही. शपथ घे."

"शपथ कुठल्या हाताने घेऊ?"

ती आत गेली.

"फळा कसा चाललाय?" सुदर्शनने विचारलं.

"पोरं हसतात. 'ज्ञ' अजून पडतो. बाकी सगळी अक्षरं उभी राहतात." हेमंतने मुठीजवळचा नवा खटका दाबला, सोडला, दाबला. "मऊ आहे. मस्त. कुठून आणलात?"

"लुनाचा आहे. बस. बैठक बघायची."

हेमंत कठड्याला टेकून सायकलवर बसला. सुदर्शन पुढच्या चाकाशी उकिडवा झाला. छल्ला त्याच्या डोळ्यांसमोर, वर, टोकाला. आता तो खाली सारावाच लागणार होता, नाहीतर मोजणार काय. त्याने अंगठा आणि बोट लावलं. रबर नळीला चिकटलं होतं, पाच महिन्यांचं. मग सुटलं, आणि गुळगुळीत खाली आलं, सीलपाशी येऊन बसलं. नळीवर जिथे तो होता तिथे एक पुसट काळी रेघ राहिली. त्याने नखाने खरवडली. गेली नाही.

"नीट बस. पाय पायडलवर. हलू नकोस."

नळी जराशी बुडाली. छल्ला जराच सरकला. दोन आणेही नाही. हवा तीच होती, सील तेच होतं, थेंबभर गळती नव्हती. माणूसच तेवढा राहिला नव्हता. मागच्या खेपेला हाच बसला होता तेव्हा छल्ला बरोबर हव्या त्या जागी आला होता, आणि दोघांनी टाळी दिली होती.

"किती?" हेमंतने वरून विचारलं.

"कमी. हवा काढावी लागेल."

"काढा." आणि मग, त्याच आवाजात, रस्त्याकडे बघत, "दाजी, एक विचारू? आता दोन्ही एकाच हाताला आहेत म्हणून काही फरक नाही पडत. पण तेव्हा डावा कुठला होता हो? मी आठवून आठवून बघतो. मला शपथेवर वाटतं की मी डावाच दाबला. आणि डावा तर मागचा."

सुदर्शनने व्हॉल्व्हची टोपी काढून आतली पिन दाबली. हवा सुटली, बारीक, सापाच्या फुत्कारासारखी नाही, कुणीतरी दात आवळून श्वास सोडावा तशी. हा प्रश्न आज ना उद्या येणार, आणि तो आला की निदान थांबणं संपेल, असं त्याला वाटत होतं. संपलं काहीच नाही. हेमंतचा जोडा त्याच्या कानाजवळ पायडलवर होता, लेस पुष्पलताने बांधलेली, दुहेरी गाठ. त्याने तोंड उघडलं, 'विसरलो' हा शब्द तिथे तयार होता, रोजच्यासारखा, आणि पहिल्यांदाच तो जिभेवर मावेना. वापरून वापरून झिजलेलं सील जसं बाहेरून धड दिसतं पण पाणी धरत नाही, तसा. त्याच्या आत काहीतरी खाली बसलं, चार आणे, आठ आणे, आणखी खाली, आणि परत वर आलं नाही.

"दाजी?"

"सांगतो," तो म्हणाला. "आधी उतर. हळूच उतर, छल्ला हलेल."

त्या शनिवारी संध्याकाळी, साखरशेतच्या शाळेवर पोचण्याआधी, त्या उताराच्या माथ्यावर, डाव्या हाताची बोटं मिटायच्या आत, सुदर्शन सायकलवरून उतरला होता, आणि ती हाताने धरून पायी खाली आला होता.