हिरवी पट्टी, लाल पट्टी

पुस्तक तळहाताएवढं होतं. वर स्प्रिंगची बांधणी, कोपरे चघळल्यासारखे झालेले, आणि टिटवीच्या आईच्या कोटाच्या डाव्या खिशात ते इतकी वर्षं राहिलं होतं की खिशालाच त्याचा आकार आला होता. डेटाबेस सांभाळणाऱ्यांसाठी कुणीतरी छापलेली ती छोटी मार्गदर्शिका: कुठलं काम करायला कुठली कमांड द्यायची, बस्स. गोष्ट नाही, चित्र नाही. तरी टिटवीला जगात एखादी वस्तू हवी होती, तर हीच.

टिटवी म्हणजे आईची एकुलती एक लेक. नाव आईनेच ठेवलेलं, कारण पाळण्यात असल्यापासून ती अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं ओरडायची. आता नववीत होती आणि ओरडण्याच्या बाबतीत तसूभरही कमी झाली नव्हती.

आई एका मोठ्या रक्ततपासणी केंद्रात डेटाबेस सांभाळायची. कुणाचं रक्त कधी आलं, यंत्राने काय आकडा दिला, रिपोर्ट कुणाला गेला, हे सगळं ज्या पेटाऱ्यात राहतं त्या पेटाऱ्याची राखणदार. तिच्याकडे आठशे पानांचं एक जाडजूड पुस्तकही होतं. ते ऑफिसात तिच्या मॉनिटरखाली होतं, स्क्रीन डोळ्यांच्या उंचीला यावा म्हणून.

"जाड्यात सगळं असतं," आई म्हणायची, "म्हणून वेळेला काहीच सापडत नाही. छोट्यात लागेल तेवढंच. हात थरथरत असताना माणसाला तेवढंच पुरतं."

त्या छोट्यात आईने स्वतःची भर घातली होती. पानांच्या कडांना रंगीत पट्ट्या. हिरवी म्हणजे नुसतं बघायचं, कशालाही धक्का लागत नाही. पिवळी म्हणजे आधी बॅकअप घे, मग हात लाव. लाल म्हणजे मला विचारल्याशिवाय बोटसुद्धा उचलू नकोस. आणि शेवटची कोरी पानं? तिथे आईच्या हातच्या अकरा नोंदी होत्या. अकरा वर्षांतल्या अकरा चुका. प्रत्येकीच्या तीन ओळी: काय झालं, का झालं, आता काय करायचं.

टिटवीने लहानपणी एकदा खडू घेऊन तिथे फूल काढायचा घाट घातला होता. आईने अलगद पुस्तक काढून घेतलं. "इथे फक्त चुका लिहायच्या. त्याही ज्याने केल्या त्यानेच."

"मग मी कधी लिहू?"

"काम करायला लागलीस की."

तेव्हापासून टिटवी त्या दिवसाची वाट बघत होती. कुणी सणाच्या कपड्यांची बघावी तशी.

आणि मग आली ताई.

ताई म्हणजे मोठ्या मावशीची मुलगी. कॉलेज पहिल्या नंबराने संपवलेली, केस चापूनचोपून बांधणारी, जेवल्यावर न सांगता ताट उचलणारी. तिला आईच्याच केंद्रात, आईच्याच हाताखाली नोकरी लागली आणि राहायला ती टिटवीच्या खोलीत आली. खिडकीजवळचं टेबल तिला. कपाटाचे वरचे दोन कप्पे तिला. टिटवीने तेही गिळलं. म्हणजे अगदी गिळलं नाही, तोंडात धरून ठेवलं. पण दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या दिवशी आईने सकाळी सगळ्यांसमोर कोटाच्या खिशातून ते पुस्तक काढलं आणि ताईच्या हातात ठेवलं.

"आता हे तुझ्याकडे राहू दे. माझं पाठ झालंय."

टिटवीने उचललेला पोळीचा घास ताटात परत ठेवला.

"अगं मावशी, खरंच?" ताईने पुस्तक दोन्ही हातांनी धरलं, जणू आत पिल्लू होतं. "मी जपून वापरेन हं."

"माहितीये मला. तू काय टिटवी आहेस?"

आई हसली, ताई हसली. विनोद होता. टिटवीही हसली, दात दाखवून.

त्या रात्रीपासून ती जळत राहिली. जेवताना दोघी बोलायच्या ते तिला अर्धं कळायचं आणि म्हणून दुप्पट लागायचं. "आज ते नोंदींचं टेबल अडकलं होतं ना, मावशी." "मग काय केलंस?" "सदतिसावं पान." आणि दोघी अशा हसायच्या, की जणू सदतिसाव्या पानावर जगातला सगळ्यात भारी विनोद छापला होता. ते पान टिटवीला तोंडपाठ होतं! सहावीत असताना तापात पडली होती तेव्हा आईच्या मांडीवर डोकं ठेवून तिने ते वाचलं होतं. कुणी विचारलं का?

रविवारी ताई आंघोळीला गेली. पुस्तक टेबलावर होतं. टिटवीने दार लोटून घेतलं.

तिला पुस्तक चोरायचं नव्हतं. चोर कोण, हे लगेच कळलं असतं. तिची योजना जास्त बारीक होती. सदतिसाव्या पानाची हिरवी पट्टी तिने नखाने अलगद सोडवली. चाळिसाव्याची लाल सोडवली. आणि एकीची जागा दुसरीला दिली. पट्ट्या चिकट होत्या, निमूटपणे बसल्या.

आता काय होणार? ताईला एखादी साधी, नुसती बघायची कमांड लागणार. तिथे दिसणार लाल. ताई धावत आईकडे जाणार: मावशी, विचारायचं होतं. आणि आई म्हणणार, अगं, एवढंही कळत नाही? नुसतं बघायला विचारतेस? त्या एका वाक्यासाठी टिटवी दोन दिवस गुणगुणत फिरली.

मंगळवारी शाळा अर्ध्या दिवसाची होती. आईची दाढ काढायची होती म्हणून ती सकाळीच दंतवैद्याकडे गेली आणि टिटवीला म्हणाली, शाळेतून सरळ केंद्रात जा, मी तिथेच येते. म्हणून साडेअकरा वाजता टिटवी सर्व्हरच्या खोलीत, थंडगार वाऱ्याखाली, फिरत्या खुर्चीत बसून भिंगरी होत होती. मोबाईल बाहेरच्या ड्रॉवरमध्ये. आत फोन आणायचा नाही, असा नियमच होता. ताई समोर कामात.

दारावर थाप पडली. काउंटरवरचे काका होते. चष्मा कपाळावर, हातात न छापलेल्या रिपोर्टांची यादी.

"अहो ताईसाहेब, गेली वीस मिनिटं एक कागद बाहेर पडेना! बाहेर रांग दारापर्यंत गेलीये. एक आजोबा तर म्हणतायत, रक्त परत द्या माझं."

ताईने स्क्रीन बघितला. "सगळं अडकलंय. कुणीतरी कुठली तरी नोंद उघडून धरलीये, आणि मागचे सगळे तिच्यामागे रांगेत."

"मग लावा ना मॅडमना फोन!"

"मावशी आत्ता दंतवैद्याच्या खुर्चीत आहे, काका. तोंड उघडं असेल, पण बोलता येणार नाही."

इंटरनेटवर शोधावं, तर बाहेर रस्ता खणणाऱ्यांनी सकाळीच केबल तोडली होती. ताईने मॉनिटरखालच्या जाड्या पुस्तकाकडे एक नजर टाकली, आणि खिशातून छोटं काढलं. बोटाने कडेवरच्या पट्ट्या चाळल्या.

टिटवीची खुर्ची फिरायची थांबली.

"अडकलं, अडकलं... हां, सदतिसावं. पण इथे तर लाल! पान लक्षात ठेवण्यात मीच चुकले असेन. इथे हिरवी." ताईने हिरवीचं पान उघडलं. चाळिसावं. "ही चालेल. टिटवे, इकडे ये जरा."

"मी?"

"खरा डेटाबेस आहे ना, नियम आहे. एंटर दाबण्याआधी एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ऐकायचं आणि 'चालव' म्हणायचं. मावशी नाही, तर तू ऐक. तू तर लहानपणापासून हेच ऐकत आलीयेस."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी हे वाक्य टिटवीने चौकट करून भिंतीवर लावलं असतं.

ताईने टाइप केलं आणि वाचू लागली. सदतिसाव्या पानावरची कमांड नुसती विचारते, कोण अडून बसलंय. ही चाळिसाव्यावरची होती. ही कुणाला काही विचारत नाही. आत आहेत त्या सगळ्यांना मानगूट धरून बाहेर काढते, आणि त्यांचं अर्धवट राहिलेलं काम पुसून टाकते.

तिने फक्त एकच बाजू बघितली होती. हिरव्यावर लाल बसली की ताई फजीत होणार, एवढंच. लालवर हिरवी बसली की काय होणार, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. दोन दिवसांत एकदाही नाही.

"यंत्राचं काय चाललंय आत्ता?" तिने विचारलं. आवाज तिचा नव्हताच.

"सकाळचे आकडे चढवतंय ना. नवजात बाळांची तपासणी. त्रेसष्ट बाळं." ताईच्या कपाळाला आठी पडली. "खरं सांगू, मला ही ओळ जरा जास्तच वाटतेय. पण मावशीची हिरवी आहे, म्हणजे बघायलाच नको. बोल, चालव?"

त्रेसष्ट बाळं. त्रेसष्ट इवल्या टाचा. त्या रक्ताचे थेंब केव्हाच वापरून झालेले. आकडे पुसले गेले की प्रत्येक टाच पुन्हा टोचायची.

"आईला विचारूया ना," टिटवी म्हणाली.

"अगं, ती कशी बोलेल?"

"मला भीती वाटते."

"हिरवी आहे गं, वेडे." ताईचं बोट एंटरवर टेकलं. दारात काका नुसते पाय बदलत होते. "चालव ना?"

"थांब!" टिटवी अशी किंचाळली की काकांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. "ती हिरवी नाहीये. ती लाल आहे. मी बदलली. रविवारी. मीच."

ताईने बोट उचललं. घाईत नाही, गरम तव्यावरून उचलावं, तसंही नाही. झोपलेल्या सापावरून उचलावं तसं, हळू. तिने टिटवीकडे बघितलं नाही.

"आणखी कुठल्या बदलल्यास?"

"फक्त या दोन. आईशप्पथ."

ताईने टाइप केलेली ओळ एकेक अक्षर खोडली. सदतिसावं पान उघडलं. नवी ओळ मोठ्याने वाचली. टिटवीने प्रत्येक शब्द ऐकला, पुन्हा एकदा वाचायला लावला, आणि मगच म्हणाली, "चालव."

स्क्रीनवर एकच नाव आलं. काउंटर क्रमांक दोन.

"काका," ताई म्हणाली, "तुम्ही एखादा रिपोर्ट दुरुस्त करायला उघडून तसाच ठेवून चहाला गेला होतात का?"

काकांनी चष्मा पुसायला घेतला. "उघडा होता म्हणजे... अगदीच उघडा नव्हता..."

ते गेले, रिपोर्ट बंद केला, आणि भिंतीपलीकडे प्रिंटर खोकत खोकत सुरू झाला. आजोबांच्या रक्ताचा कागदही निघाला असावा. खोलीत ताई मात्र टिटवीकडे न बघता पुन्हा कामाला लागली. ताईच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. टिटवीला वाटलं, तिने ओरडावं. एक ठेवून द्यावी. ही शांतता म्हणजे तर अन्यायच होता.

आई आली ती एक गाल भोपळ्यासारखा घेऊन. ओठ बधिर, बोलणं एका बाजूने सांडणारं.

"शगळं ठीक?"

ताई उठून उभी राहिली. "नाही, मावशी. माझी एक चूक होता होता राहिली. मी ओळ वाचून विचार केलाच नाही. नुसता रंग बघितला. मनात शंका आली होती, तरी रंगावर भरवसा ठेवला."

टिटवी बघतच राहिली. म्हणजे चूक कबूल करण्यातही हिचाच पहिला नंबर!

"तिची नंतरची आहे!" ती ओरडली. "माझी आधीची! पट्ट्या मी बदलल्या, आई. तिचं नाव नको घेऊस, आधी माझं घे."

आणि मग सगळं बाहेर आलं: रविवार, नख, पोळीचा घास, 'तू काय टिटवी आहेस', सदतिसावं पान. त्रेसष्ट टाचांपाशी आल्यावर तिला रडू फुटलं.

आईला ओरडता येत नव्हतं. कदाचित येत असतं तर बरं झालं असतं. ती खुर्चीत बसली, आणि ताईकडून पुस्तक घेऊन तिने शेवटचं पान उघडलं. पेन काढून टिटवीसमोर ठेवलं.

बारा. तो आकडा आईने स्वतः घातला.

इतकी वर्षं वाट बघितलेलं पान समोर होतं आणि टिटवीला पेन धरवत नव्हतं. काय झालं: हिरवी आणि लाल पट्टी मी बदलली. का झालं: इथे ती अडली. शाळेच्या निबंधांतले बरे बरे शब्द आठवले, ते सगळे खोटे वाटले. शेवटी लिहिलं: पुस्तक मला हवं होतं आणि ताईला मिळालं. आता काय करायचं: रंगाआधी ओळ वाचायची.

आईने वाचून मान हलवली. "ते हिचं झालं. तुझं?"

टिटवीने खोडलं. नाक ओढलं. लिहिलं: हवं असेल तर मागायचं.

"मागू?" तिने खालच्या आवाजात विचारलं.

आई भोपळ्याच्या एका बाजूने हसली. "माग की."

"देशील?"

"नाही. आणि महिनाभर या खोलीत पाऊलशुद्धा टाकायचं नाही."

उत्तर चांगलंच झोंबलं. पण मागून झोंबलेलं आणि न मागता झोंबलेलं यात फरक असतो, हे टिटवीला तेव्हा पहिल्यांदा कळलं. निदान हे नख लावून कुरतडावंसं वाटत नव्हतं.

मग ताईने पेन घेतलं आणि खाली स्वतःची नोंद लिहू लागली. तेरा. अक्षर अर्थातच मोत्यासारखं. लिहिता लिहिता तिने कोपराने टिटवीला हळूच ढोसलं.

"कपाटाचा एक कप्पा तुला परत. वरचा."

"मागितला नव्हता मी," टिटवी म्हणाली.

"हो, पण बघत होतीस रोज."

टिटवीने वाकून पान बघितलं. तिचं अक्षर वाकडंतिकडं, एक ओळ खोडलेली, एका शब्दावर पाण्याचा ठिपका. ताईचं सरळ, नीटनेटकं. पण बारा वर आणि तेरा खाली. काही झालं तरी या पुस्तकात ती ताईच्या आधी होती.