बाईसाहेबांचं आवाजी मतदान

आधीच सांगून ठेवतो, यातल्या एका अक्षरावरही तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या बायकोचा तर लग्न झाल्यापासून बसलेला नाही.

मी सरहद्दीवरच्या चौकीत जमादार होतो. चौकी डोंगरमाथ्यावर, पाणी खाली दरीत. ते वाहायला एक गाढवीण होती, तिला आम्ही बाईसाहेब म्हणायचो. अनोळखी माणूस दिसला रे दिसला, की बाईसाहेब अशा ओरडायच्या, की पलीकडच्या देशातली तान्ही पोरं दचकून उठायची.

अशात राजधानीत विधेयक आलं. सरहद्दीवर नवं तंत्रज्ञान आणायचं, जुनी साधनं लिलावात काढायची. जुन्या साधनांत दुर्बिणी, कंदील आणि आमच्या बाईसाहेब. वीटभट्टीवाले टपूनच होते. त्यांच्या हाती पडल्या असत्या तर उरलेला जन्म विटा वाहण्यात गेला असता. माझ्या घशाखाली घास उतरेना.

"माझ्या बाळंतपणात बरा उतरत होता," बायको आतून म्हणाली.

मी ऐकलंच नाही. समोर धाकटी सून कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. तेवढा श्रोता मला पुरतो.

तर, यंत्रं रोज बदलतात, कायदा शिळा व्हायला नको, म्हणून मसुदा करणाऱ्यांनी त्यात एकाही यंत्राचं नाव घातलं नव्हतं. नुसतं लिहिलं होतं, 'अनोळखी व्यक्ती येताच स्वतःहून इशारा देणारं कोणतंही साधन.' म्हटलं, अरे, ह्या तर आमच्या बाईसाहेब! आमच्या भागातल्या सभासदाला गाठलं. त्यानं दुरुस्ती सुचवली, की साधनांत गाढवही धरावं. मतदानाच्या दिवशी नमुना म्हणून बाईसाहेबांना सभागृहात नेलं.

"आत?" सूनबाईंनी विचारलं.

"आत. गालिचा खराब होऊ नये म्हणून चारी पायांत मोजे घालून."

सभापतींनी आवाजी मतदान पुकारलं. ज्यांचा आवाज मोठा, त्यांची सरशी. आमच्या बाजूला पाच-सहा म्हातारे, तेही घसा बसलेले. समोर सगळं सभागृह खाकरून तयार. सभापती म्हणाले, "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं." म्हातारे कसेबसे कुजबुजले. तेवढ्यात दार उघडलं आणि निवडून आल्यापासून एकदाही न फिरकलेला एक सभासद आत आला. त्याला दारावरच्या शिपायानं ओळखलं नाही, तिथं बाईसाहेब कुठून ओळखणार? त्यांनी जो सूर लावला, त्यानं झुंबरं हलली. विरोधकांची वाचाच बसली. सभापतींनी कानातली बोटं काढली आणि जाहीर केलं, "होयची सरशी."

बाईसाहेब कायद्यानं नवं तंत्रज्ञान ठरल्या. पुढं दरवर्षी एक इंजिनिअर येऊन त्यांचे कान साफ करून जायचा.

सूनबाईंच्या हातातली चादर अर्धी घडी होऊन थांबली.

"बाबा, इथं सापडलात. अनोळखी माणूस दिसला की ओरडायची ना ती? मग त्या एकट्यालाच बघून का ओरडली? बाकीचं अख्खं सभागृह काय तिच्या नात्यातलं होतं?"