तिघांचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. बोलण्याची मला सवय नाही, सगळे आयुष्य ऐकण्यात गेले. त्यामुळे सांगताना कुठे मागचे पुढे झाले तर सांभाळून घ्या. पण जे सांगेन ते ऐकीव नाही. ते माझ्या अंगावरच घडले आहे.

मला एका सुताराने घडवले. एका दवाखान्याला बाक हवा होता आणि तिथे जागा बेताची होती. सुताराने माझ्यावर रंधा मारला, कडा गोल केल्या आणि देण्याआधी स्वतः त्याने, त्याच्या बायकोने आणि शेजारच्या न्हाव्याने अशा तिघांनी माझ्यावर बसून पाहिले. मी साधा करकरलोसुद्धा नाही. मग तो डॉक्टरांना म्हणाला, “हा तिघांचा बाक आहे. दोघं पसरून बसतील आणि जागा नाही म्हणतील. त्यांचं ऐकू नका.”

दवाखान्यात माझे दिवस मानाचे गेले. रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसत. ताप, खोकला, मुरगळलेले पाय, सगळ्यांनी माझ्यावर बसून आपल्या पाळीची वाट पाहिली. पुढे चकचकीत प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी मागच्या भिंतीशी झाली. तिथे ऊन खाल्ले, पाऊस खाल्ला, मांजरांची नखे सोसली. एक पाय कुजून आखूड झाला. येणारे-जाणारे माझ्याकडे बघत नसत. वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू? पण माझे लाकूड चांगले होते आणि ते मला ठाऊक होते.

तिथून मला एका मेकॅनिकने नेले. तो बसगाड्यांच्या गॅरेजात कामाला होता. दिवसभरात मोजकेच शब्द बोलायचा, म्हणून शेजारीपाजारी त्याला गमतीने ‘रेडिओ’ म्हणत. त्याची आई त्याच्याकडे राहायला यायची होती. तिला जमिनीवरून उठबस करायला त्रास व्हायचा. म्हणून त्याने मला खांद्यावर घेतले, जिने चढून वर आणले, आणि खोलीच्या दारात आल्यावर त्याच्या लक्षात आले की मी आत मावत नाही. इंजिनाचा स्क्रू न् स्क्रू मापणारा माणूस आपल्याच खोलीचे माप घ्यायला विसरला होता. त्याची बायको पोट धरून हसली. म्हणाली, “हा आत आला, तर आपण बाहेर.”

तिचे काही चूक नव्हते. एका भिंतीला पाठ टेकून पाय लांब केले की तळवे समोरच्या भिंतीला लागत, एवढीच ती खोली. शेगडी दारामागे, कपडे छताखालच्या दोरीवर, गाद्या दिवसभर एकावर एक. त्या मजल्यावर अशाच खोल्या दोन्ही हातांना ओळीने होत्या, सगळ्या भाड्याच्या. मधल्या अरुंद वाटेच्या टोकाला, सगळ्यांच्या नळाजवळ, खिडकीखाली मला ठेवले. आखूड पायाखाली रेडिओने टायरचा तुकडा ठोकला. मी पुन्हा ताठ उभा राहिलो.

आणि मग माझे खरे आयुष्य सुरू झाले. एका खोलीच्या घरात सगळे मावते, मित्रांनो. फक्त खासगी बोलणे मावत नाही. एकाला सांगितलेले तिसऱ्याने आधीच ऐकलेले असते. म्हणून ज्यांना काही खास बोलायचे, ते माझ्याकडे येत. नवरा-बायकोचे रुसवे माझ्यावर निघाले. एका शिंपिणीने लग्नाला होकार इथे दिला आणि दुसऱ्या दिवशी नकारही इथेच दिला. हळूहळू मजल्याचा एक नियमच झाला. बाकावर कोणी बोलत असेल, तर नळावर येणाऱ्याने बादली वाजवायची, पाणी घ्यायचे आणि निघून जायचे. कानांवर पडले तरी ऐकले नाही असे समजायचे. आणखी एक गोष्ट तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक होती. बाकावर दोघे येऊन बसले, की ज्याचा विषय, तो माणूस मागे खोलीत राहिलेला असतो.

रेडिओची आई आली आणि त्या खोलीत तिघे झाले. तो, औषधांची खोकी भरायच्या कारखान्यात जाणारी त्याची बायको आणि आई. तीन गाद्या पसरल्या की जमीन संपायची. तरी सगळे गोडीत चालले होते. अशात सूनबाईला दिवस गेले. सातवा महिना लागला आणि एका संध्याकाळी ती दोघे माझ्यावर येऊन बसली. आई खोलीच्या दारात भाजी निवडत होती.

सूनबाई हळू आवाजात सांगू लागली. रात्री कूस बदलायची तर आधी आईंना उठवावे लागते, आणि त्या बिचाऱ्या जाग्याच असतात. ती म्हणाली, “मी त्यांना जा म्हणणार नाही. पण बाळ काय दोरीवर वाळत घालायचं?”

रेडिओच्या थोरल्या भावाचे घर मोठे होते. पण तिथे आईशी दिवसभर कोणी दोन शब्द बोलत नसे, म्हणूनच तर ती इकडे आली होती. हे दोघांनाही माहीत होते. इथे निदान नळावरच्या बायका तिला हाक मारत, विचारपूस करत.

“सांगतो मी तिला,” रेडिओ शेवटी म्हणाला.

“तुम्ही सांगेपर्यंत बाळ शाळेत जायला लागेल.”

“रविवारी दादाकडे सोडून येतो.”

एवढे बोलून तो पायाच्या अंगठ्याने तो टायरचा तुकडा टोकरत बसला. सूनबाईने पदर डोळ्यांना लावला. मला दोघांचेही ओझे नेहमीपेक्षा जड लागले.

तेवढ्यात आईने भाजीची परात बाजूला ठेवली. ती भिंतीचा आधार घेत आमच्याकडे येऊ लागली. दोघांची तोंडे मिटली. सूनबाई म्हणाली, “तुम्ही कशाला उठलात, आई?”

“सरका,” आई म्हणाली.

दोघे दोन बाजूंना सरकली आणि ती मधोमध बसली. मी करकरलो नाही.

“माझ्याबद्दल चाललंय ना? मग मी नको का?” मग ती रेडिओकडे वळून म्हणाली, “थोरल्याकडे कधी सोडतोयस? रविवारीच सुट्टी असते तुला. पण रविवारी मला वेळ नाही.”

“वेळ नाही म्हणजे?” रेडिओने विचारले.

समोरच्या खोलीत रुग्णालयात रात्रपाळी करणारी एक आया एकटी राहायची. मजल्यावर तिला ‘रातराणी’ म्हणत. नळाला पाणी फक्त पहाटे आणि संध्याकाळी यायचे. संध्याकाळी ती कामावर गेलेली असायची आणि सकाळी परते तोवर नळ कोरडा झालेला असायचा. मग ती दारोदार एकेक बादली मागत फिरायची. आईने हे आल्यापासून पाहिले होते.

“रात्री तिची खोली मोकळी असते,” आई म्हणाली. “मी तिथे झोपणार. पहाटे तिचं पाणी भरून ठेवणार. ती आली की किल्ली तिच्या हातात आणि मी माझ्या नातवंडाजवळ. ठरलंय आमचं.”

“कधी ठरलं?” सूनबाईने विचारले.

“मागच्या आठवड्यात.”

“कुठे?”

आईने मला थोपटले. “इथेच. बाक माझ्यासाठीच आणला होता ना?”

मला हे सगळे ठाऊक होते, मित्रांनो. त्या दिवशी आई आणि रातराणी माझ्यावर बसल्या होत्या, आणि विषय होता खोलीत राहिलेला रेडिओ आणि त्याची बायको. पण मी चकार शब्द काढला नव्हता. नियम म्हणजे नियम.

रेडिओ पुटपुटला, की लोक म्हणतील आईला दुसऱ्याच्या दारात झोपवतो. आई म्हणाली, “लोकांना सांग, माझी आई दोन खोल्या राखून आहे.”

सूनबाई रडता रडता हसली आणि तिने सासूच्या खांद्यावर डोके टेकले. रेडिओने आपली तेलकट बोटे विजारीला पुसली. मग तो म्हणाला, “पाणी मी भरत जाईन. तू फक्त किल्ली सांभाळ. बादल्या जड असतात, आई, आणि जमीन ओली असते, तू घसरशील.”

नळावर एक ड्रायव्हर बादली धुवत होता. तो नियम विसरला आणि बोलून गेला, “रेडिओ लागला वाटतं.” मग मात्र अख्खा मजला हसला, कारण ऐकले नाही असे समजणाऱ्या सगळ्यांनी सगळे ऐकले होते.

पुढे बाळ आले. मलाच धरून ते पहिल्यांदा उभे राहिले. आजी सकाळी समोरच्या दारातून यायची, तेव्हा ते माझ्या कडेवर हात आपटायचे. आज ते बाळ माझ्यावर बसून आपल्या मैत्रिणीला गुपिते सांगते.

मी आता फार जुना झालो आहे. मधल्या फळीला चीर गेली आहे. मला रंग नको, गादी नको. अधूनमधून ओले फडके फिरवा आणि पाय डुगडुगला तर टायरचा नवा तुकडा ठोका, एवढे पुरे. मात्र एक मागणे आहे. माझ्यावर बसून ज्याच्याबद्दल बोलत असाल, तो येताना दिसला तर गप्प होऊ नका. सरका.

मी तिघांचा बाक आहे.