टाचेवरची पट्टी

नवरात्रात मी नऊ दिवस अनवाणी असते. २००६ सालीही होते. फक्त त्या वर्षी माझी नोकरी जखमेवरच्या पट्ट्या विकायची होती, शांती नगरपासून घोडबंदरपर्यंत. तिसऱ्या माळेला टाचेत काच गेली. ती काढली, पाय धुतला आणि बॅगेतली सॅम्पलची पट्टी लावली. पाच दिवस उघडायची नाही, आत जखम आपली आपण भरते, असं मी डॉक्टरांना रोज सांगायचे. स्वतःला पहिल्यांदाच सांगत होते.

नोकरीला सहा महिने होत आले होते. आमचे मॅनेजर कौस्तुभ सर म्हणाले, "शुभदा, शुक्रवारपर्यंत संघवींची ऑर्डर आण. नाहीतर कायम व्हायचं विसर."

डॉ. संघवी भाईंदर पूर्वेच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात सर्जन. बुधवारी त्यांनी पट्टी उलटसुलट करून एवढंच विचारलं, "बेन, व्हेज आहे ना? माझे निम्मे पेशंट जैन. विचारतील."

"बघून सांगते," म्हटलं.

घरी सासऱ्यांचं भिंग घेऊन माहितीपत्रक वाचलं, सहा महिन्यांत पहिल्यांदा शेवटपर्यंत. जिलेटिन. म्हणजे जनावरांची हाडं नि कातडी. पायातलं चामडं देवीसाठी काढून ठेवलं आणि टाचेला हे चिकटवलं.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "सांग ना व्हेज आहे. खायचीय का कोणाला?"

शुक्रवारी गेले तर संघवींची नजर आधी माझ्या पायाकडे. "ही तीच पट्टी ना? नि तुम्ही अनवाणी, उपासाच्या. सिस्टर, बघितलं? आता विचारायचं काय राहिलं?" त्यांनी ऑर्डरच्या कागदावर पेन टेकवलं.

माझा आवाज मुळात लहान. तेवढ्यातच बोलले.

"डॉक्टर, यात जिलेटिन आहे. मला परवा कळलं."

पेन थांबलं.

"मला कॉलेजपासून माहीत आहे," ते म्हणाले. "रोज कॅप्सूल लिहितो, ती कशाची असते? आत काय आहे ते नको होतं, बेन. पेशंटला काय सांगायचं ते हवं होतं. तुमचा पाय सांगितला असता. आता तुम्ही सिस्टरसमोर बोललात." आणि कोरा कागद माझ्याकडे सरकवला.

सिस्टर बर्नडेट उत्तनच्या कोळीवाड्यातली. जिन्यात मागून आली. "सॅम्पल हायेत काय गं? बापाचा पाय कालवाच्या शिंपल्यानं कापलाय, भरत न्हाय. आमाला सगलं चालतं."

होती तेवढी तिला दिली. मग पायरीवर बसून टाचेची पट्टी काढायला घेतली. एक कोपरा सुटला.

"किती दिस झालं?" तिनं विचारलं.

"चार."

"मग पाच दिस उघडायची न्हाय, ह्ये मला कोन शिकवून गेलं?"

मग देवीला मनातल्या मनात म्हटलं, पट्टीचा एकच दिवस राहिलाय, आणि कोपरा अंगठ्यानं दाबून परत बसवला.